अंधारातही आयलिड चालूच राहतंय? आधी कॉन्सन्ट्रेशन बघा, फॉइल नंतर

हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता एकदा नीट सगळं लिहूनच ठेवते. तक्रार साधारण अशी असते: आयलिड (निळ्या प्रकाशाने चालू होणारा प्रोटीनचा स्विच) मेंब्रेनला म्हणजे पेशीच्या आवरणाला बांधलं, त्याचा जोडीदार असलेल्या एसएसपीबी या प्रोटीनला आपलं कामाचं प्रोटीन जोडलं, निळा प्रकाश पडला की ते मेंब्रेनवर यायला हवं आणि अंधारात सायटोप्लाझममध्ये मोकळं फिरायला हवं, पण बघावं तर अंधारातच अर्धंअधिक मेंब्रेनवर जाऊन बसलेलं असतं, निळा दिवा लावल्यावर थोडंसं वाढतं आणि ग्राफवर दोन बार जवळजवळ सारखेच येतात. मग डिशवर फॉइलचा दुसरा थर चढतो, इन्क्युबेटरच्या काचेवर काळा कागद लागतो, खोलीचे दिवे बंद होतात, आणि एवढं करून गळती जिथल्या तिथे.

माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक वेळा ही गळती प्रकाशाची नसतेच. प्रोटीन जास्त झालेलं असतं. स्विच अंधारात 'बंद' असतो म्हणजे शून्य असतो असं आपण धरून चालतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी स्विच आतून कसा चालतो ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. आयलिडच्या पोटात ओट म्हणजे अव्हेना सटायव्हा या गवताच्या फोटोट्रोपिन १ मधला एलओव्ही२ हा तुकडा आहे. त्यात एफएमएन नावाचा फ्लेविन रेणू बसलेला असतो, तो ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश खातो आणि शेजारच्या सिस्टीन ४५० बरोबर कोव्हॅलंट बंध करतो. त्या धक्क्याने टोकाची जे-अल्फा हेलिक्स म्हणजे पिळदार पट्टी, जी एरवी तुकड्याच्या अंगाला चिकटून असते, ती सुटते आणि उलगडते. आयलिडमध्ये या हेलिक्सच्या टोकाशी ई. कोलायच्या एसएसआरए शेपटीचा छोटा तुकडा असा विणलाय की हेलिक्स चिकटलेली असताना तो झाकला जातो आणि सुटली की उघडा पडून एसएसपीबीला पकडतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या ब्रायन कुलमन यांच्या लॅबने हे २०१५ साली प्रसिद्ध केलं, कॉम्प्युटरवर डिझाइन आणि फाज डिस्प्लेवर चाळणी असं दोन्ही करून, आणि त्यांचा सगळा भर अंधारातली पकड कमी करण्यावरच होता, म्हणजे आज तुम्हाला छळणारी गोष्ट त्यांनाही छळत होती.

आता मुख्य गोष्ट. हेलिक्स अंधारात 'चिकटलेली' असते म्हणजे प्रत्येक रेणूत, प्रत्येक क्षणी चिकटलेली असते असं नाही. नुसत्या एलओव्ही२ वर २००८ साली केलेल्या मोजमापात अंधारातही साधारण १.६ टक्के रेणूंची हेलिक्स सुटलेली निघाली, आणि प्रकाशात साधारण ९१ टक्के. या दोन अवस्थांमधला ऊर्जेचा फरक ३.८ किलोकॅलरी प्रति मोल, म्हणजे पटीत सांगायचं तर सहाशेच्या आसपास. एका फोटॉनकडून हा स्विच जास्तीत जास्त एवढंच काढून देऊ शकतो, आणि त्यात आपलं पेप्टाइड वगैरे विणलं की त्यातलंही बरंच खर्ची पडतं. त्यामुळे अंधारातली पकड शून्य कधीच नसते, ती फक्त कमजोर असते. आणि कमजोर पकडीवरही तुम्ही प्रोटीनचा ढीग ओतलात तर ती भरूनच निघणार.

आकडे घालून बघू, कारण हा हिशोब एकदा हाताने केला की डोक्यातून जात नाही. एसएसपीबीच्या नॅनो आणि मायक्रो अशा दोन आवृत्त्या आहेत. आयलिड आणि नॅनो या जोडीची केडी (पकड किती घट्ट ते सांगणारं कॉन्सन्ट्रेशन, जितकं कमी तितकी पकड घट्ट) अंधारात ४.७ मायक्रोमोलर आणि प्रकाशात ०.१३ मायक्रोमोलर. मायक्रो या जोडीची (एसएसपीबीमध्ये आर७३क्यू हा एकच बदल, म्हणजे ७३ व्या जागच्या आर या अमिनो आम्लाऐवजी क्यू) अंधारात ४७ आणि प्रकाशात ०.८ मायक्रोमोलर. किती टक्के कामाचं प्रोटीन अडकलेलं असेल हे साधं सूत्र आहे: मोकळ्या आयलिडचं कॉन्सन्ट्रेशन भागिले, तेच कॉन्सन्ट्रेशन अधिक केडी.

समजा पेशीत आयलिड १० मायक्रोमोलर आहे आणि तुम्ही नॅनो वापरताय. अंधारात १० भागिले १४.७, म्हणजे ६८ टक्के. प्रकाशात जवळजवळ ९९ टक्के. म्हणजे ठार काळोखात, फॉइलच्या दहा थरांखालीही दोन तृतीयांश प्रोटीन मेंब्रेनवर असणार आणि यात स्विचची काहीही चूक नाही, तो अगदी छापल्याप्रमाणे वागतोय. आता तेच आयलिड ०.८ मायक्रोमोलरवर आणा: अंधारात १४ ते १५ टक्के, प्रकाशात ८६ टक्के. कन्स्ट्रक्ट तोच, डिश तीच, फॉइल तीच. किंवा आयलिड १० वरच राहू द्या पण नॅनोच्या जागी मायक्रो घाला: अंधारात साडेसतरा टक्के, प्रकाशात ९२-९३ टक्के. आणि उलटी चूकही होते, मायक्रो घेतलं आणि आयलिड ०.८ वरच ठेवलं तर अंधार दीड-दोन टक्के म्हणजे छान स्वच्छ, पण प्रकाशात फक्त ५० टक्के, मग 'स्विच चालतच नाही' म्हणून वेगळी तक्रार.

सगळ्यात मोठी खिडकी, म्हणजे अंधार आणि प्रकाशातला फरक, कुठे मिळते तर दोन्ही केडींचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढा तिथे. नॅनोसाठी साधारण ०.८ मायक्रोमोलर, मायक्रोसाठी साधारण ६. हे दोन आकडे बेंचवर चिकटवून ठेवण्यासारखे आहेत. अंदाज यावा म्हणून, हीलासारख्या पेशीचं आकारमान दोनेक पिकोलिटर धरलं तर १ मायक्रोमोलर म्हणजे साधारण बारा लाख रेणू. ऐकायला खूप वाटतं, पण सीएमव्ही प्रमोटर (जीन जोरात चालवणारा डीएनएचा तुकडा) आणि भरपूर डीएनए टाकून केलेल्या ट्रान्झियंट ट्रान्सफेक्शनमध्ये, म्हणजे पेशीत डीएनए तात्पुरता घातला की, उजळ दिसणाऱ्या पेशी याच्या कितीतरी वर सहज जातात, आणि आपण फोटो काढायला नेमक्या त्याच उजळ पेशी निवडतो!

पण हे माझ्या शब्दावर धरू नका, तुमच्याच सिस्टिममध्ये तपासा. त्यासाठी चार डिश लागतात. पहिलीत फक्त एसएसपीबीला जोडलेलं कामाचं प्रोटीन, आयलिड नाहीच. दुसरीत त्याच्याबरोबर आंधळं आयलिड, म्हणजे सिस्टीन ४५० च्या जागी अ‍ॅलनिन किंवा व्हॅलिन घातलेलं, ज्याला प्रकाश 'दिसत' नाही. तिसरीत नेहमीचं आयलिड, अंधारात. चौथीत नेहमीचं आयलिड, निळ्या प्रकाशात. पहिल्या तीन एकाच फॉइलमध्ये, एकाच वेळी, एकाच ट्रेमध्ये.

पहिल्याच डिशमध्ये आउटपुट वर असेल तर आयलिडला सोडा, तुमचं कामाचं प्रोटीन स्वतःच बोलतंय. जीईएफ डोमेन (रॅक, सीडीसी४२ सारख्या पेशीतल्या छोट्या स्विच प्रोटीनना चालू करणारे तुकडे) वापरणाऱ्यांना हे फार वेळा भेटतं, टियाम१ किंवा इंटरसेक्टिनचा डीएच-पीएच तुकडा जास्त प्रमाणात सायटोप्लाझममध्ये असला तरी मेंब्रेनवर न जाता रॅक किंवा सीडीसी४२ ला थोडंफार चालू करतोच, आणि पेशी आधीच पसरलेल्या, फुगलेल्या दिसतात. इथे उपाय म्हणजे त्या प्रोटीनचं प्रमाण कमी करणं किंवा त्याचा स्वतःहून मेंब्रेनला चिकटणारा भाग काढून टाकणं.

पहिली डिश स्वच्छ, पण दुसरी आणि तिसरी दोन्ही सारख्याच वर आल्या तर ही कॉन्सन्ट्रेशनची गळती. आंधळ्या आयलिडला प्रकाश कळतच नाही, तरी ते पकडतंय, म्हणजे खोलीतल्या दिव्यांचा यात काही हात नाही. माझ्या बघण्यात दहातल्या बहुतेक केसेस इथेच संपतात. आणि दुसरी स्वच्छ पण तिसरी वर, असं आलं तरच, फक्त तरच, कुठून तरी निळा प्रकाश शिरतोय म्हणून शोध सुरू करा.

एक खबरदारी: आंधळा म्यूटंट नेहमीच्याएवढाच एक्स्प्रेस होतोय ना ते बघा, नाहीतर कमी असल्यामुळे स्वच्छ दिसेल आणि तुम्ही उगाच प्रकाशामागे धावाल. आणि तो जोरदार निळ्या प्रकाशात ठेवून 'बघा, काही होत नाही' असं दाखवायला जाऊ नका. सिस्टीन नसलं तरी फ्लेविन प्रकाश खातच राहतं. काही एलओव्ही तुकड्यांत सिस्टीनशिवायही फ्लेविन रॅडिकल बनून सिग्नल पुढे जातो हे दाखवलं गेलंय, शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन तयार होतो तो वेगळाच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी वापरतात ते मिनीसॉग हे सिस्टीन काढलेलं एलओव्ही२ च आहे आणि त्याचं कामच सिंग्लेट ऑक्सिजन बनवणं आहे, यावरून समजा.

बरं, कॉन्सन्ट्रेशनची गळती निघाली, आता पुढे? पहिलं म्हणजे खरंच किती आहे ते मोजा, 'ब्राइट आहे', 'डिम आहे' यावर चालत नाही. सोपा मार्ग असा. आयलिडला किंवा एसएसपीबीला एमचेरी (लाल चमकणारं प्रोटीन) जोडलेलं असेल तर शुद्ध एमचेरी घ्या, त्याचं कॉन्सन्ट्रेशन स्पेक्ट्रोमीटरवर ५८७ नॅनोमीटरला काढा (एक्स्टिंक्शन कोएफिशंट ७२,०००), बफरमध्ये थोडं बीएसए (भरीचं प्रोटीन) टाका म्हणजे एमचेरी काचेला चिकटणार नाही, आणि ०.१, ०.३, १, ३, १० मायक्रोमोलर अशा पायऱ्या करून पेशी ज्या काचेच्या डिशमध्ये बघता त्याच प्रकारच्या डिशमध्ये थेंब ठेवा. मग तेच ऑब्जेक्टिव्ह, तीच ५६१ नॅनोमीटर लेसरची पॉवर, तोच गेन, तेच पिनहोल, फोकस काचेच्या काही मायक्रोमीटर वर. या पाच आकड्यांची रेघ काढली की पेशीतल्या ब्राइटनेसवरून सरळ मायक्रोमोलर वाचता येतं. फक्त पेशीच्या जाड भागात मोजा, न्यूक्लियसच्या आसपास, कारण पातळ कडेला फोकसचा पट्टा पेशीच्या बाहेर जातो आणि आकडा खोटा कमी येतो. मेंब्रेनवर बांधलेल्या आयलिडचं प्रमाण काढायचं तर पूर्ण पेशीची झेड-स्टॅक (वरपासून खालपर्यंतच्या फोटोंची थप्पी) घेऊन एकूण ब्राइटनेस पेशीच्या आकारमानाने भागा. आकडा अगदी तंतोतंत येणार नाही, पण १ आहे की ३० हे नक्की कळतं आणि आपल्याला तेवढंच हवंय.

हे जमलं की एक ग्राफ काढा, आडव्या अक्षावर पेशीतलं आयलिड, उभ्या अक्षावर त्याच पेशीतली अंधारातली मेंब्रेन आणि सायटोप्लाझमची रेशो, एक ठिपका म्हणजे एक पेशी. ट्रान्झियंट ट्रान्सफेक्शनमध्ये पेशीपेशीत प्रचंड फरक असतो, एरवी तो डोकेदुखी, पण इथे तोच फुकटात टायट्रेशन करून देतो. कमी एक्स्प्रेशनच्या पेशी खाली आणि जास्तवाल्या वर चढत गेल्या, आणि चढ सूत्राच्या वळणाने आला, तर आता शंका उरली नाही. सरासरीचा बार काढलात तर ही सगळी माहिती त्यात विरघळून जाते, म्हणून कळकळीने सांगते, बार काढूच नका, ठिपके दाखवा.

मग एक्स्प्रेशन खाली आणायचं. सीएमव्ही सोडून पीजीके किंवा यूबीसीसारखा मवाळ प्रमोटर, किंवा कापलेला सीएमव्ही. दोन्ही तुकडे एकाच प्लाझ्मिडवर पी२ए लावून घेतले की प्रमाण साधारण बरोबरीचं राहतं, आयआरईएसने दुसरा तुकडा कमी येतो (दोन्ही एकाच आरएनएवरून दोन प्रोटीनं काढायच्या युक्त्या), आणि कधीकधी तेच हवं असतं. सगळ्यात टिकाऊ म्हणजे लेंटिव्हायरसने कमी एमओआयवर (दर पेशीमागे व्हायरस कमी) स्टेबल लाइन करून सॉर्टरवर, म्हणजे ब्राइटनेसप्रमाणे पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर, मधला पट्टा घेणं. वरचे पाच टक्के घ्यायचा मोह होतो, सिग्नल सुंदर दिसतो ना, पण गळती नेमकी तिथेच असते.

आणि कमी करता येत नसेल, म्हणजे तुमच्या कामाला प्रोटीन जास्तच लागत असेल, तर नॅनोवरून मायक्रोवर या. दोन्ही तुकडे मेंब्रेनवरच असतील तर गणित आणखी कडक होतं, कारण पातळ पत्र्यावर कोंडलेले रेणू एकमेकांना फार लवकर भेटतात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने कॉन्सन्ट्रेशन कितीतरी जास्त. कुलमन यांच्याच लॅबने २०१६ साली आणखी कमजोर पकडीची मिली ही आवृत्ती दिली ती याच कामासाठी, मेंब्रेनमधलं प्रोटीन इकडून तिकडे न्यायचं असेल तर. त्यात भर म्हणून एसएसपीबी मूळचं डायमर आहे, एका एसएसपीबी जोडीला दोन आयलिड पकडता येतात, आणि मेंब्रेनवर दोन हातांनी धरलं की सुटायला वेळ लागतो. वरचं साधं सूत्र हे धरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात गळती सूत्रापेक्षा थोडी जास्तच निघाली तर नवल नाही.

आता खरोखर प्रकाशाची गळती असेल तर. इथे लोक दिवे आणि पडदे बघतात, पण चोर बहुतेक वेळा मायक्रोस्कोपच असतो. आयपीसमधून पेशी शोधताना जो पांढरा ट्रान्समिटेड दिवा लावता त्यात भरपूर निळा असतो, तुम्ही फोकस करेपर्यंत स्विच चालू झालेला असतो आणि मग 'अंधारातली' पहिली फ्रेम घेता. कंडेन्सरवर लाल लॉंग-पास फिल्टर ठेवा, ६०० नॅनोमीटरच्या खालचं काही जाऊ देऊ नका. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) कुठेही नको, त्याला लागणारा ४८८ नॅनोमीटरचा लेसर म्हणजे स्विचचंच बटण. न्यूक्लियस रंगवणाऱ्या होएक्स्ट, डॅपीसाठी ४०५ लावलं तरी तेच, कारण फ्लेविन जांभळ्याच्या पलीकडेही शोषतं. बघायला ५६१ वर एमचेरी किंवा ६४० वरचे डाय. इन्फ्रारेडवर चालणारं ऑटोफोकस चालतं. पेशी शोधून झाल्या की काही मिनिटं पूर्ण अंधार, आणि मग पहिली फ्रेम फक्त ५६१ ने. ती पहिली फ्रेम हाच तुमचा खरा अंधार, बाकी सगळ्याची तुलना तिच्याशी. हुडमध्ये आणि डिश हलवताना लाल दिवा, आणि तो खरंच लाल आहे ना ते एकदा स्पेक्ट्रोमीटरवर बघा, लाल कागद गुंडाळलेल्या पांढऱ्या एलईडीमधून निळा झिरपतो.

इथे एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात, ती म्हणजे परतीचा वेग. निळा प्रकाश थांबला की एलओव्ही२ स्वतःहून अंधाराच्या अवस्थेत येतं, रूम टेम्परेचरला याचा टाइम कॉन्स्टंट साधारण ८० सेकंद, उबेत आणखी लवकर. जास्त वेळ चालू राहावं म्हणून काही जण मंद म्यूटंट घेतात, व्ही४१६आय ने जवळपास दहापट मंद होतं, व्ही४१६एल त्याहून मंद. सोयीचं वाटतं, पण किंमत बघा. समजा खोलीतल्या चोरट्या उजेडाने प्रत्येक रेणू सरासरी हजार सेकंदांतून एकदा चालू होतोय. ८० सेकंदांत परतणाऱ्या स्विचमध्ये कुठल्याही क्षणी सात-साडेसात टक्के रेणू चालू असतील. परतायला अर्धा तास घेणाऱ्या स्विचमध्ये त्याच उजेडात ६४ टक्के. उजेड तोच! म्हणजे मंद म्यूटंट वापरायचा असेल तर अंधाराची शिस्त कित्येक पटींनी कडक लागते, आणि शिस्त शक्य नसेल, उदाहरणार्थ प्लेट रीडर पाच जणांचा आणि खोलीचं दार सतत उघडं, तर उलट वेगवान आवृत्ती घ्या, आय४२७व्ही सारखी, जी काही सेकंदांत परतते, आणि निळा प्रकाश सलग देण्याऐवजी थोड्या थोड्या वेळाने झटके देत राहा.

परतीचा वेग स्वतः मोजायचा असेल तर शुद्ध केलेलं प्रोटीन क्युव्हेटमध्ये घ्या. ते पिवळं दिसतं, स्पेक्ट्रममध्ये ४४७ च्या आसपास मुख्य शिखर आणि दोन्ही बाजूंना खांदे असतात. निळा प्रकाश टाकला की शिखर बसतं, आणि अंधारात हळूहळू परत वर येतं, ती चढण म्हणजेच तुमचा वेग. निकेल कॉलमवरून आलेलं प्रोटीन थेट मोजू नका, इमिडाझोल या परतीला बेस म्हणून मदत करतं आणि वेग खोटा जास्त येतो. आधी डायलिसिस. आणि प्रोटीन पिवळं नसलंच, म्हणजे २८० ला भरपूर आणि ४४७ ला काहीच नाही, तर त्यात फ्लेविन भरलेलंच नाही, ते कितीही निळं दाखवलं तरी ढिम्म राहणार, एक्स्प्रेशनच्या वेळी तापमान कमी करा, मीडियात रायबोफ्लेविन टाका. पेशींच्या इमेजिंग मीडियात मात्र जादा रायबोफ्लेविन नको, निळ्या प्रकाशात ते पेरॉक्साइड बनवतं आणि पेशी आजारी पडतात, मग तो आजार तुम्हाला स्विचचा परिणाम वाटतो. नुसत्या पेशी अधिक प्रकाश हा कंट्रोल त्यासाठी ठेवायचाच.

ज्यांनी तयार आयलिड न घेता एलओव्ही२ ला स्वतःचं पेप्टाइड किंवा डोमेन जोडलंय त्यांची गळती वेगळ्या कारणानेही असू शकते. हेलिक्स म्हणजे दाराची कडी धरली तर कडीला जड काही लटकवलं की ती आपोआप खाली सरकते. तुमचा तुकडा हेलिक्सला बाहेर ओढत असेल तर अंधारातले १.६ टक्के सहज दहा-पंधरा टक्के होतात. यावर २०१० मध्ये दाखवलेले दोन बदल आधी करून बघा, जी५२८ए आणि एन५३८ई, हेलिक्स अंधारात घट्ट बसवतात. जोडणीची जागा एकेक अमिनो आम्लाने मागेपुढे करा, हेलिक्सच्या एका फेऱ्यात ३.६ अमिनो आम्लं असतात म्हणजे एकाच्या सरकण्याने तुकडा शंभर अंश फिरतो, जो आधी उघड्यावर होता तो आता झाकला जाऊ शकतो. मधे लांबलचक ग्लायसिन-सेरीनचा लिंकर घालू नका, मोकळ्या दोरीच्या टोकाचं पेप्टाइड हेलिक्स बंद असली तरी बाहेरच डोलत असतं. आणि दोन टोकांचे कंट्रोल ठेवा, एक आंधळा, दुसरा कायम उघडा, आय५३९ई. कायम उघड्याचं आउटपुट हे तुमचं छत आणि आंधळ्याचं हे जमीन. या दोघांतच पुरेसं अंतर नसेल तर प्रकाशाशी खेळून काही मिळणार नाही, परत डिझाइनवर जा. हेलिक्स घट्ट करताना छतही थोडं खाली येतं, ते स्वीकारावं लागतं, ऊर्जा तेवढीच आहे, अंधारात वाचवलेली प्रकाशात द्यावी लागते.

हाच हिशोब प्रकाशाच्या स्विचपुरता नाही म्हणून दोन ओळी. डेव्हिड बेकर यांच्या सिअ‍ॅटलच्या लॅबने २०१९ मध्ये लॉकर हे पूर्णपणे कॉम्प्युटरवर घडवलेलं प्रोटीन दिलं, त्यात पिंजऱ्याला लॅच बसते आणि किल्लीचं पेप्टाइड आलं की लॅच सुटते. तिथेही किल्लीशिवाय आउटपुट दिसण्याचं कारण बहुतेक वेळा तेच, लॅच पिंजऱ्यातून कधीतरी आपोआप सुटते आणि पकडणारं प्रोटीन आजूबाजूला भरपूर असतं. चार डिशची पद्धत तिथे थोड्या बदलाने चालते, आंधळ्या आयलिडच्या जागी लॅचमधला पकडणारा तुकडा बिघडवलेली आवृत्ती घ्या, म्हणजे आउटपुट लॅचमुळे येतंय की दुसरीकडूनच, ते कळेल.

बॅक्टेरियात काम करणाऱ्यांसाठी: ई. कोलायमध्ये त्याचं स्वतःचं एसएसपीबी असतंच आणि ते तुमच्या आयलिडला धरून बसतं, त्यामुळे एसएसपीबी काढलेला स्ट्रेन घ्या. आणि टी७ या फार जोरदार प्रमोटरवर चढवून स्विचचं काम करायला जाऊ नका, ती सिस्टिम भरपूर प्रोटीन बनवून घेण्यासाठी आहे, एका पेशीत १ मायक्रोमोलर म्हणजे जेमतेम सहाशे रेणू आणि टी७ त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबतं.

राहिला प्रश्न, एकदा सुटलेली गळती तीन महिन्यांनी परत का येते. कारणं साधी असतात. नवीन डीएनए प्रेप जास्त स्वच्छ निघाली आणि त्याच मायक्रोग्रॅममध्ये ट्रान्सफेक्शन दुप्पट झालं. कुणीतरी प्रोटीन बदललं, नवं जास्त टिकाऊ होतं, ते साचत गेलं. सॉर्टिंगला दुसऱ्या कुणी गेलं आणि गेट थोडं वर पडलं. लॅम्प बदलला आणि फिल्टर परत लावायचा राहिला. म्हणून लाइन जमली की लगेच भरपूर व्हायल गोठवा, सॉर्टच्या गेटचा स्क्रीनशॉट व्हायलच्या नोंदीबरोबर ठेवा, आणि एमचेरीच्या पायऱ्यांची ती डिश दर नव्या बॅचला काढा, तासाभराचं काम आहे. गळती परत दिसली तर आधी तो आकडा बघा. नॅनोसाठी तो दोनच्या वर गेलेला असेल तर फॉइलला हातही लावू नका. आणि मदत मागताना एवढं नक्की टाका: नॅनो की मायक्रो, मोजलेलं कॉन्सन्ट्रेशन, आंधळ्या म्यूटंटची डिश कशी दिसली, आणि निळा प्रकाश लागण्याआधीची पहिली फ्रेम. हे चार असले की उत्तर बहुतेक वेळा एका मेसेजमध्ये देता येतं.